ज्योतीची नक्कल

दारे-खिडक्या लावून, पंखा बंद करून मेणबत्ती पेटवावी आणि पाच मिनिटे तिच्याकडे नुसते बघत बसावे. ती हलत नाही. वात नीट कापलेली असेल आणि खोलीत कुणाची ये-जा नसेल, तर ज्योत चितारल्यासारखी उभी राहते. मग कुठून आली ते न कळणारी एखादी झुळूक लागते. ज्योत एका अंगाला लवते, आखडते, दोन-तीन हेलकावे खाते आणि पुन्हा जागेवर येते. त्यानंतर बराच वेळ काहीच घडत नाही. दिवाळीच्या बाजारात मिळणारी, पाणी घातले की पेटणारी एलईडीची पणती मात्र क्षणभरही स्वस्थ बसत नाही. ती सारखी थरथरते, आणि म्हणूनच चार हातांवरूनही खोटी वाटते.

विजेच्या दिव्यातून ज्योतीचा भास उभा करण्याच्या कामात सर्वांत जास्त चुकते ते इथेच. नाटकाचे प्रकाशयोजनाकार, चित्रपटाचे लाइटमन, गणेशोत्सवाच्या देखाव्यासाठी रात्री जागवणारे मंडळाचे कार्यकर्ते, हे सगळे दिवा हलवण्यासाठी खूप खटपट करतात. तो थांबवण्याचा विचार फार थोडे करतात. दिवा लहान असेल तर ही चूक खपून जाते. पाचशे किंवा हजार वॉटचा दिवा तसाच थरथरू लागला, तर रंगमंचावर समईचा उजेड पडल्याचे कुणालाच वाटत नाही. नाट्यगृहाच्या वायरिंगमध्ये बिघाड झाला असावा असे मात्र वाटते. ट्रायॅक, डिमर, मायक्रोकंट्रोलर यांची रीतसर ओळख पुढील प्रकरणांत आहे. त्यांच्याकडे वळण्यापूर्वी ज्योत म्हणजे काय, आणि दिव्याला तिची नक्कल करणे इतके जड का जाते, ते पाहिलेले बरे.

मायकेल फॅरडे यांनी १८६०-६१ च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसाठी सहा व्याख्याने दिली. सहाही मेणबत्तीवर होती. वितळलेले मेण वातीतून वर चढते, त्याची वाफ होते आणि जळते ती ही वाफ, हे त्यांनी समोर प्रयोग करून दाखवले. ज्योतीचा पिवळा उजेड येतो तो वायूमधल्या कार्बनच्या बारीक कणांपासून. ज्या काजळीने छत काळे होते, तीच ज्योतीच्या आत तापून प्रकाश देते. बुडाशी दिसणारा निळसर पट्टा निराळा. तिथे काजळी अजून तयार व्हायची असते. गरम झालेला वायू हलका होऊन वर जातो, खालून थंड हवा आत येते आणि या ओढीमुळे ज्योतीला निमुळते टोक मिळते. म्हणजे तो आकार गुरुत्वाकर्षणाने घडवलेला आहे. नासाने १९९२ मध्ये अंतराळयानात मेणबत्ती पेटवून पाहिली, तेव्हा ज्योत गोल, फिकट निळी आणि जवळजवळ निश्चल दिसली.

पृथ्वीवर या ज्योतीला दोन प्रकारच्या हालचाली असतात आणि त्यांची गल्लत करून चालत नाही. पहिली वाऱ्याची: संथ, बेभरवशाची, काही सेकंदांत येऊन जाणारी. दुसरी ज्योतीची स्वतःची. वर चढणारा गरम वायू आणि भोवतालची थंड हवा एकमेकांना घासून निघतात, त्यातून भोवऱ्यांची कडी तयार होतात आणि ती ज्योतीला चिमटत वर सरकतात. ज्योत मोठी असेल तर ही धडधड सेकंदाला साधारण दहा-बारा वेळा होते. एकट्या, चांगल्या वातीच्या मेणबत्तीत ती सहसा दिसत नाही. वात वाढून ज्योत लांबली, किंवा तीन-चार मेणबत्त्या जुडी करून लावल्या, की ती सुरू होते. अशा दोन जुड्या शेजारी ठेवल्या तर गंमत पाहायला मिळते. अगदी जवळ असताना दोन्ही ज्योती एका तालात वर-खाली होतात. अंतर थोडे वाढवले की एक वर असताना दुसरी खाली, असा उलटा ताल धरतात. जपानी संशोधकांनी याचे मोजमाप करून निबंध प्रसिद्ध केले आहेत. झुंबरातले सगळे दिवे एकाच डिमरला जोडून एकदम हलवणाऱ्यांनी ते जरूर लक्षात घ्यावेत.

आता उजेडाचा हिशेब. १८६० च्या सुमारास इंग्लंडच्या गॅस कायद्याने प्रकाश मोजण्यासाठी एक प्रमाण मेणबत्ती ठरवली. ती व्हेल माशाच्या डोक्यातल्या चरबीची असायची आणि तिने तासाला १२० ग्रेन जळले पाहिजे, असा नियम होता. आजचे कँडेला हे एकक त्याच वंशातले. एक कँडेला म्हणजे ढोबळमानाने एक मेणबत्ती, आणि तिचा चारी दिशांना पडणारा एकूण उजेड साडेबारा ल्युमेन. जुना ६० वॉटचा बल्ब सातशे-आठशे ल्युमेन देई, म्हणजे साठ मेणबत्त्यांइतका. मेणबत्तीपासून एक मीटरवर एक लक्स प्रकाश मिळतो, तीन मीटरवर त्याचा नववा हिस्सा. रंगमंचावर नटीने हातात खरी समई धरली, तर विसाव्या रांगेतल्या प्रेक्षकाला समई दिसेल, नटीचा चेहरा दिसणार नाही. म्हणून चेहऱ्यावरचा उजेड वर टांगलेल्या स्पॉटमधून येतो आणि समईकडे फक्त निमित्ताचे काम राहते. हा सगळा खटाटोप त्या निमित्ताची आणि त्या स्पॉटची सांगड घालण्यासाठी आहे.

ही सांगड नकोच म्हणून हट्टाला पेटलेला एक माणूस होऊन गेला. स्टॅन्ली क्युब्रिक यांना ‘बॅरी लिंडन’ (१९७५) या अठराव्या शतकातल्या कथेवरच्या चित्रपटात मेणबत्तीच्या उजेडातले प्रसंग खऱ्या मेणबत्त्यांवरच टिपायचे होते. त्यांनी झाइस कंपनीच्या ५० मिलिमीटरच्या, एफ ०.७ छिद्राच्या भिंगांचा शोध घेतला. चंद्राच्या चित्रणासाठी ही मोजकी भिंगे नासाकरिता बनवलेली होती. ती बसावीत म्हणून एड डिजुलिओ यांनी मिचेल कॅमेऱ्याची बरीच तोडमोड केली. छायाचित्रणकार जॉन ऑल्कॉट यांनी १०० एएसएची फिल्म प्रयोगशाळेत एक स्टॉप वाढवून घेतली. मेणबत्त्याही साध्या नव्हत्या, एकेकीला तीन वाती होत्या. इतके करूनही भिंगाच्या फोकसची खोली इतकी कमी होती, की नटांना जागचे फारसे हलता येत नव्हते. ऑल्कॉट यांना त्या कामासाठी ऑस्कर मिळाले. मेणबत्तीच्या उजेडाने काम भागवायला केवढी किंमत मोजावी लागते, याचा हा सर्वांत चांगला नमुना. इतरांना स्पॉटच लावावा लागतो.

आणि स्पॉटमध्ये अनेक वर्षे होती ती टंगस्टनची तार. या तारेला तापायला वेळ लागतो आणि निवायलाही. दिवा जितका मोठा तितकी तार जाड, आणि तार जितकी जाड तितकी ती आळशी. २३० व्होल्टच्या ४० वॉट बल्बची तार बारीक असते. ती बऱ्यापैकी चपळपणे मंद-प्रखर होते. त्याच शक्तीचा १२ व्होल्टचा मोटारीतला बल्ब घेतला, तर त्यात प्रवाह जास्त, म्हणून तार जाड, आणि म्हणून हालचाल सुस्त. दोन हजार वॉटच्या दिव्याला सेकंदाला दहा वेळा खाली-वर व्हायला सांगितले, तर तो फक्त जरासा मंद होऊन स्थिर जळत राहतो. डिमरवर केलेली सगळी कारागिरी तारेच्या उष्णतेत विरघळून जाते.

यावर जाणत्यांनी दोन उपाय काढले. एक म्हणजे एका मोठ्या दिव्याऐवजी बरेच लहान दिवे लावणे. दुसरा म्हणजे दिवा कधीच पूर्ण विझू न देणे. गार तारेला उठवायला फार वेळ लागतो, पण आधीच तांबूस असलेली तार लगेच पेट घेते. म्हणून ज्योतीच्या कामात डिमर शून्यावर न्यायचा नसतो. खरी ज्योतही झुळकेने अशी साफ विझून परत पेटत नाही, तेव्हा इथे सोय आणि सत्य एकाच बाजूला आहेत. असा योग या धंद्यात क्वचित येतो.

मंडळाच्या देखाव्यात आणि हौशी नाटकांत याहून स्वस्त युक्ती चालायची. ट्यूबलाइटचा स्टार्टर बल्बच्या सिरीजमध्ये जोडायचा, बस्स. स्टार्टरच्या काचेच्या कुपीत वायू आणि दोन धातूंची जोडपट्टी असते. वीज आली की वायू चमकतो, पट्टी तापून वाकते, जोड मिटतो आणि बल्ब लागतो. चमक थांबल्याने पट्टी निवते, जोड सुटतो, बल्ब विझतो, आणि हे चक्र अनियमितपणे चालू राहते. त्यात डिमर नाही, प्रोग्रॅम नाही, खर्च तर जवळजवळ नाहीच. एकाच बल्बाला लावल्यास तो खराब ट्यूबसारखा दिसतो. पण तांबड्या-पिवळ्या जिलेटीनखाली चार-पाच बल्ब, प्रत्येकाला वेगळा स्टार्टर, आणि वर लाकडाचे ओंडके, म्हणजे शेकोटी तयार. मेणबत्तीसाठी मात्र ही युक्ती निरुपयोगी आहे, कारण तिच्याकडे चालू आणि बंद यांच्या मधला एकही शब्द नाही.

तो मधला प्रदेश ट्रायॅकने खुला केला. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० फेरे घेते, म्हणजे १०० अर्धे फेरे. प्रत्येक अर्ध्या फेऱ्यात ट्रायॅक किती उशिरा उघडायचा ते ठरवले, की दिव्याला मिळणारी शक्ती ठरते. ज्योतीच्या नकलेला सेकंदाच्या दर शंभराव्या हिश्शाला नवा निर्णय घेता येणे पुरेसे आहे, उलट जास्तच आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत यासाठी लागणारे सुटे भाग सहज मिळतात. काय घ्यायचे आणि कसे जोडायचे ते पुढे सविस्तर आले आहे. इथे एवढेच सांगायचे, की सर्किटचा नियंत्रणाचा भाग आणि २३० व्होल्टचा भाग यांच्यामध्ये त्या दोघांना विजेपुरते अलग ठेवणारा ऑप्टोकपलर असलाच पाहिजे, आणि वीजजोडणीचा अनुभव नसलेल्याने हे काम जाणकार वायरमन शेजारी असल्याशिवाय करू नये.

रंगाचा प्रश्न याहून नाजूक आहे. मेणबत्तीचे रंगतापमान १९०० केल्विनच्या आसपास असते, साध्या बल्बचे २७०० आणि स्टुडिओतल्या हॅलोजनचे ३२००. बल्बचे व्होल्टेज कमी केले की तो पिवळा होत जातो, मग हवे तितके कमी करावे असे वाटू शकते. हिशेब करून पाहिला तर उत्साह मावळतो. २३० व्होल्टचा बल्ब १०० व्होल्टच्या जवळपास आणला, तर रंग मेणबत्तीशी जुळतो. उजेड मात्र पंधराव्या-विसाव्या हिश्शावर येतो. म्हणजे हजार वॉटचा दिवा लावून साठ वॉटचे काम. म्हणून नारिंगी जेलचा आधार घ्यावा लागतो. शिवाय एक फरक जेलनेही जात नाही. ज्योत मंद होते ती लहान होऊन. तिचा रंग फारसा बदलत नाही. तार मंद होते ती लाल होऊन. त्यामुळे बल्बला मोठ्या फरकाने खाली-वर केले की प्रत्येक डुबकीला चेहरा लालसर होतो आणि डोळ्याला काहीतरी खटकते, मग कारण सांगता येवो न येवो. हालचाल दहा-पंधरा टक्क्यांत ठेवली तर हा दोष झाकला जातो.

एलईडीने तारेचा आळस संपवला आणि वेगळ्याच तक्रारी आणल्या. उजाला योजनेतून देशभर ३६ कोटींहून अधिक एलईडी बल्ब घरोघरी गेले आणि तारेचा बल्ब शोधावा लागू लागला. हे घरगुती बल्ब डिमरसाठी बनवलेलेच नसतात. ट्रायॅकवर लावले की ते गुरगुरतात, डोळे मिचकावतात, नाहीतर अचानक बंद पडतात. डिमरसाठी बनवलेली रंगमंचीय एलईडी वागते चांगली, पण मंद झाली तरी तिचा रंग तोच राहतो. ज्योतीच्या दृष्टीने हा गुण म्हणावा लागेल. अडचण पायऱ्यांची येते. डीएमएक्स ही नियंत्रणपद्धत १९८६ पासून चालत आली आहे आणि तिच्या एका चॅनेलला ० ते २५५ एवढ्याच पायऱ्या आहेत. मंद उजेडात डोळा फार तीक्ष्ण होतो, आणि दहावरून अकरावर जाणेही त्याला टप्प्यासारखे दिसते. तार हे टप्पे आपल्या आळसात मुरवून टाकी. एलईडी ते जसेच्या तसे दाखवते. तारेचा जो दोष इतकी वर्षे आड येत होता, तो एलईडीच्या प्रोग्रॅममध्ये मुद्दाम लिहून घालावा लागतो, हा या विषयातला सर्वांत मजेदार उलटफेर.

प्रोग्रॅममध्ये लिहायचे काय? बाजारातल्या लुकलुकणाऱ्या एलईडीच्या चिपमध्ये आभासी यादृच्छिक आकड्यांचा एक जनक असतो. तो सेकंदाला दहा-पंधरा वेळा नवा आकडा देतो आणि दिवा त्या आकड्यावर उडी मारतो. या उड्यांनीच ती पणती अस्वस्थ दिसते. खऱ्या ज्योतीत आधीच्या क्षणाची आठवण असते; ती जिथे आहे तिथूनच पुढे सरकते. संगणकचित्रांच्या जगात हाच प्रश्न केन पर्लिन यांनी १९८० च्या दशकात सोडवला. त्यांच्या नावाने ओळखला जाणारा ‘पर्लिन नॉइज’ हा अनियमित असूनही गुळगुळीत असतो, आणि त्यासाठी त्यांना १९९७ मध्ये अकादमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. ढग, संगमरवर, धूर यांच्यासाठी वापरला जाणारा हा नॉइज ज्योतीलाही चालतो. त्यावर अधूनमधून एक झुळूक टाकायची: झटकन खाली, मग दोन-तीन घटते हेलकावे, मग शांतता. शांतता किती वेळ, तेही अनिश्चित ठेवायचे. सेकंदाला दहावाली धडधड अगदी थोडी, तीही मशालीसाठी किंवा वाढलेल्या वातीसाठी. मेणबत्तीला ती जवळपास वगळावी.

इथपर्यंत नुसत्या कमी-जास्त उजेडाची गोष्ट झाली. तेवढ्याने फसणारा प्रेक्षक थोडा. ज्योत लवते तेव्हा उजेडाची जागा सरकते आणि भिंतीवरच्या सावल्या हलतात. स्पॉट कितीही मंद-प्रखर केला तरी त्याची सावली खिळवून ठेवल्यासारखी राहते. म्हणून अनुभवी माणसे एका जागी तीन दिवे थोड्या अंतरावर लावतात, प्रत्येकाला वेगळा चॅनेल देतात आणि तिघांना वेगवेगळा नॉइज पुरवतात. उजेडाचा भार एका दिव्यावरून दुसऱ्यावर गेला की सावली आपोआप सरकते. डिस्नेच्या कारागिरांनी तर ज्योतीच्या आकाराची पातळ पट्टीच टांगली, तिच्यावर खालून एलईडीचा झोत टाकला आणि चुंबकाने तिला डोलवले. ती युक्ती पुढे दिवाणखान्यातल्या मेणबत्त्यांत आली. तिथे दिवा स्थिर असतो, हलते ती पट्टी, आणि जवळून पाहणारा हमखास फसतो.

सावलीच्या या शास्त्राचा एक धडा विजेच्या बाहेरचा आहे आणि तो मराठी चित्रकाराने दिला आहे. सावंतवाडीत जन्मलेल्या सा. ल. हळदणकर यांचे दिवा हाती घेतलेल्या स्त्रीचे जलरंगचित्र म्हैसूरच्या जगन्मोहन पॅलेसमध्ये आहे. अनेक जण ते राजा रविवर्म्याचे समजतात. १९४५-४६ च्या सुमारास काढलेल्या या चित्रासाठी हळदणकरांची मुलगीच उभी राहिली होती. चित्रातली ज्योत तिने हाताच्या आडोशाने जवळजवळ झाकली आहे. उजेड दिसतो तो बोटांच्या कडांवर, चेहऱ्यावर आणि साडीवर. उगम झाकला आणि परिणाम दाखवला, की पाहणाऱ्याचे मन ज्योत स्वतःच पुरी करते. प्रकाशयोजनाकाराला याहून व्यवहारी सल्ला मिळणे कठीण: खोटी ज्योत आडोशाला ठेवावी आणि मेहनत भिंतीवर व चेहऱ्यावर खर्च करावी.

जगात ही नक्कल रोज खऱ्या कसोटीला लागते अशी काही नाट्यगृहे आहेत. स्टॉकहोमजवळचे ड्रॉटनिंगहोम राजनाट्यगृह १७६६ मध्ये लाकडात बांधले गेले. राजा तिसरा गुस्ताव १७९२ मध्ये मारला गेल्यावर ते विस्मरणात गेले, आणि १९२१ मध्ये आग्ने बेयेर या अभ्यासकाला ते जुन्या पडद्यांसह, हाताने फिरवायच्या यंत्रांसह जवळपास जसेच्या तसे सापडले. आज तिथे अठराव्या शतकातली संगीतनाटके होतात. इतक्या जुन्या लाकडात शेकडो मेणबत्त्या पेटवणे म्हणजे वेडेपणा, म्हणून तिथे ज्योतीसारखे हलणारे विजेचे दिवे आहेत. लंडनच्या सॅम वॉनमेकर प्लेहाउसने २०१४ मध्ये उलट वाट धरली. लाकडी सभागृह नवे, जुन्या धर्तीवर बांधलेले, आणि प्रकाश मधमाश्यांच्या मेणाच्या खऱ्या मेणबत्त्यांचा. झुंबरे खाली घेऊन नटच त्या पेटवतात, मालवतात. दोन्ही ठिकाणचे निर्णय आपापल्या जागी बरोबर आहेत. अभ्यास करणाऱ्याला मात्र ड्रॉटनिंगहोमकडून शिकण्यासारखे अधिक, कारण तिथे नकलेला अस्सल पडद्यांच्या शेजारी उभे राहावे लागते.

धोक्याची एक गोष्ट सांगायलाच हवी. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये ‘पोकेमॉन’ मालिकेचा एक भाग दाखवला गेला. त्यात सेकंदाला सुमारे बारा वेळा तांबडे-निळे लखलखाट होते. सहाशेहून अधिक प्रेक्षकांना, बहुतेक मुलांना, रुग्णालयात न्यावे लागले. ज्योतीच्या धडधडीची गती आणि डोळ्याला सर्वांत जास्त जाणवणारी लुकलुक एकाच टापूत येते. मेणबत्तीत ती निरुपद्रवी असते, कारण उजेड कमी आणि चढउतार लहान. तीच गती हजार वॉटला पूर्ण खोलीने दिली, तर तो स्ट्रोब झाला. तेव्हा प्रखर दिव्यासाठी चढउतार उथळ ठेवावा, धडधड काढून टाकावी, आणि प्रसंगाला जोरदार लुकलुक खरोखरच हवी असेल तर तिसऱ्या घंटेआधी प्रेक्षकांना तशी सूचना द्यावी.

चित्रीकरण करणाऱ्यांसाठी आणखी एक. एलईडी मंद करताना ती अतिवेगाने चालू-बंद केली जाते. डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळते, आणि पडद्यावर आडवे पट्टे सरकू लागतात. सेटवर दिवे लावल्याबरोबर, नट येण्याआधी, ज्या कॅमेऱ्यावर आणि ज्या शटरवर काम होणार त्यावरच चाचणी घ्यावी. त्या वेळी भिंतीजवळ एक खरी मेणबत्ती पेटवून ठेवावी, नकली दिव्यासमोर आणि तिच्यासमोर सारख्याच उंचीची एकेक वस्तू मांडावी, आणि दिव्यांकडे पाठ करून त्या दोन सावल्या पाहाव्यात. कोणती कुणाची हे सहाय्यकाला ओळखता येते का, ते त्याला विचारावे. ओळखता आले, तर बहुधा चढउताराची खोली कमी करावी लागते किंवा मधली शांतता वाढवावी लागते. त्यासाठी कोणता आकडा कुठे बदलायचा, हे पहिल्या प्रकरणापासून सुरू होते.